मोटारगाडीत येणारा पेट्रोलचा वास : कारण शोधण्याची रीत

रत्नागिरी जिल्ह्यातील आंबा बागायतदाराच्या घरी मोटारगाडी ही आता केवळ प्रवासाची सोय राहिलेली नाही. थंडीत मोहोर येऊ लागला की फवारणीचे पंप, नळ्या व औषधे तिच्यातून बागेत जातात. मार्चपासून मेअखेरपर्यंत तिच्यातूनच आंब्याच्या पेट्या ट्रकपर्यंत, कधी थेट वाशीच्या बाजारापर्यंत पोचविल्या जातात. पावसाळ्यात तीच गाडी ग्रासकटर व पेट्रोलचा कॅन घेऊन कलमांच्या बागेत उभी असते. अशा गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला म्हणजे बहुधा काच खाली केली जाते, पुढच्या फळीवर एखादी सुवासिक डबी ठेवली जाते, कोणी उदबत्तीही लावतो, आणि काम तसेच पुढे चालू राहते. हंगामाच्या धांदलीत हे घडणे स्वाभाविक असले तरी ते धोक्याचे आहे; आणि त्यातही उदबत्ती लावणे हे तर अज्ञानाचेच लक्षण होय.

पेट्रोलचा वास येतो याचा अर्थ एकच आहे. जे पेट्रोल टाकीत, नळीत अथवा इंजिनात बंदिस्त असावयास हवे, ते कोठून तरी बाहेर येत आहे. ते द्रवरूपाने गळत असेल किंवा केवळ वाफेच्या रूपाने सुटत असेल. परंतु वास कधीही विनाकारण येत नाही. ते कारण शोधून काढणे हे बहुतेक वेळा वाटते तितके अवघड नसते. मात्र त्याला एक क्रम आहे. तो क्रम सोडून एकदम नळ्या सोडावयास लागल्यास वेळ व पैसा वाया जातो आणि प्रसंगी जिवावर बेतते.

पेट्रोलचा स्वभाव

क्रमाकडे वळण्यापूर्वी पेट्रोलचे काही गुण ध्यानात घेणे अगत्याचे आहे. रॉकेल किंवा डिझेल सामान्य हवामानात सहजासहजी पेटती वाफ सोडत नाही. पेट्रोल मात्र शून्याखाली ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. कोकणच्या चैत्र-वैशाखात ते किती वेगाने उडत असेल याची कल्पना यावरून करता येईल. ही वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरते, उताराकडे सरकते व खोलगट जागी साचून राहते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के झाले की एका ठिणगीने भडका उडतो.

कोकणातील घराची मांडणी पाहिली म्हणजे याचे महत्त्व पटते. गाडी बहुधा खळ्यात, पडवीलगत अथवा मांगरात उभी केली जाते. जवळच तुळशीवृंदावन असते व तिन्हीसांजेला तेथे दिवा लागतो. न्हाणीतील पाणी तापविण्याची चूल पुष्कळ घरी आजही लाकडावर चालते आणि न्हाणीची जागा बहुधा खळ्याहून खालच्या अंगास असते. गळक्या गाडीची वाफ रात्रभर जमिनीवरून सरकत पहाटे पेटविल्या जाणाऱ्या चुलीपर्यंत पोचू शकते. सबब वास येणारी गाडी घरालगत न ठेवता मोकळ्या, वारा खेळत्या जागी, घराच्या उताराकडील बाजूस व चुलीपासून दूर उभी करावी.

दिलासा देणारी गोष्ट अशी की, भडका उडण्यास लागणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी कमी पेट्रोल हवेत असले तरी ते मनुष्याच्या नाकाला कळते. म्हणून वास आला की लगेच स्फोट होणार असे मानून घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि नाकाचा एक दोषही आहे. त्याच वासात पाच-दहा मिनिटे बसल्यावर तो वास जाणवेनासा होतो. चालक 'आता वास गेला' असे सांगतो तेव्हा वास गेलेला नसतो, त्याचे नाक थकलेले असते. म्हणून तपासणीच्या वेळी बाहेरून नुकत्याच आलेल्या दुसऱ्या माणसास गाडीत डोकावून पाहण्यास सांगावे.

आगीखेरीज प्रकृतीचाही प्रश्न आहेच. पेट्रोलच्या वाफेने डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. पेट्रोलमध्ये अल्प प्रमाणात बेंझीन असते. भारतातील मानकांनुसार ते एक टक्क्याहून अधिक नसावे असा दंडक आहे. हा पदार्थ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास रक्ताचा कर्करोग होण्याचा संभव असतो. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना अशा गाडीतून नेऊ नये.

आधी गाडीत काय आहे ते पाहावे

शोधाचा आरंभ इंजिनापासून करू नये. प्रथम गाडीत काय ठेवले आहे किंवा गेल्या आठवड्यात काय ठेवले होते याची चौकशी करावी. बागायतदाराच्या गाडीत हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा. आणि नेमका तोच विसरला जातो.

पेट्रोलचा कॅन हा पहिला संशयित होय. पाण्याच्या किंवा खाद्यतेलाच्या जुन्या प्लॅस्टिक डब्यातून पेट्रोल नेण्याची चाल सर्वत्र आहे. अशा डब्याचे झाकण पेट्रोलची वाफ रोखू शकत नाही. उन्हात डबा फुगतो, झाकणाच्या आट्यांतून वाफ बाहेर पडते व सांडलेले थेंब पायाखालच्या गालिच्यात जिरतात. याबाबत कायदाही स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एका व्यक्तीस परवान्याविना एकूण ३० लिटरपर्यंतच जवळ बाळगता येते, आणि तेही घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यातच. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे एक लिटरहून आणि धातूचे २५ लिटरहून मोठे नसावे. धातूचा घट्ट झाकणाचा डबा महाग पडतो, ही तक्रार रास्त आहे. परंतु एका हंगामाच्या खर्चात त्याची किंमत नगण्य ठरते. डबा काठोकाठ न भरता वरच्या बाजूस थोडी मोकळी जागा ठेवावी, कारण उन्हाने पेट्रोल प्रसरण पावते.

दुसरा संशयित ग्रासकटर किंवा फवारणी पंपाचे इंजिन. ही यंत्रे उभी असताना गळत नाहीत, परंतु डिकीत आडवी टाकली की टाकीच्या झाकणातील हवेच्या छिद्रातून किंवा कार्बुरेटरमधून पेट्रोल झिरपते. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणाऱ्या दोन स्ट्रोकच्या यंत्राचे पेट्रोल सांडल्यास वास अधिक दिवस टिकतो. पेट्रोल उडून जाते व ऑइल मागे राहते. यंत्र गाडीत ठेवण्यापूर्वी टाकीतील पेट्रोल डब्यात काढून घ्यावे व इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बुरेटर रिकामा करावा. यंत्र पुसलेल्या चिंध्या आसनाखाली कोंबून ठेवू नयेत.

तिसरी बाब अशी आहे की ती गॅरेजमधील मिस्त्रीच्या ध्यानात येणे कठीण, पण कृषी कार्यकर्त्याच्या ध्यानात यावयास हवी. गाडीत येणारा वास पेट्रोलचा नसून औषधाचा असू शकतो. मोहोरावरील तुडतुड्यांसाठी वापरली जाणारी लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी 'प्रवाही' कीटकनाशके बहुधा खनिज तेलापासून काढलेल्या द्रावकांत विरघळविलेली असतात. त्यांचा वास पेट्रोल-रॉकेलच्या वासाशी इतका जवळचा असतो की भलेभले फसतात. बाटलीचे बूच किंचित सैल राहिले आणि औषध गालिच्यात जिरले, तर तो वास कित्येक दिवस जात नाही. येथे विषबाधेचाही धोका असतो. म्हणून वासाचे मूळ शोधताना अनोळखी बाटली किंवा ओला डाग नाकाशी नेऊन हुंगू नये. त्या गाडीतून फवारणीचे साहित्य नेले गेले असल्यास आधी औषधांच्या सर्व बाटल्या हातमोजे घालून तपासाव्यात. औषध सांडलेला गालिचा काढून टाकणेच श्रेयस्कर. अशा गाडीत आंब्याच्या पेट्या किंवा शिधा भरू नये, हे सांगावयास नकोच. केवळ पेट्रोलचा वास असला तरीही पेटीतील पेंढा व पुठ्ठा तो शोषून घेतो, आणि अशी पेटी ग्राहकाच्या दारी उघडली गेल्यास हापूसच्या नावाला बट्टा लागतो तो वेगळाच.

हे सर्व सामान बाहेर काढून, गालिचे उन्हात टाकून, दारे उघडी ठेवून गाडी एक दिवस उभी करावी. वास गेला व पुन्हा आला नाही, तर शोध तेथेच संपला.

वास केव्हा येतो?

सामान काढूनही वास राहिला तर गाडीचे परीक्षण करावे लागते. येथे हत्यारांपेक्षा प्रश्न अधिक उपयोगी पडतात. वैद्य ज्याप्रमाणे ताप सकाळी येतो की संध्याकाळी असे विचारतो, त्याचप्रमाणे वास कोणत्या वेळी येतो हे विचारावे. दोन-तीन दिवस एका कागदावर टिपून ठेवल्यास उत्तमच.

पेट्रोल भरल्यानंतर एक-दोन दिवस वास येतो व टाकी अर्धी झाली की थांबतो, असे असल्यास दोष टाकीच्या वरच्या भागात आहे. टाकीच्या झाकणाचे रबर, भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंतची नळी, तिच्या क्लिपा किंवा टाकीतील विजेच्या पंपावरील रबरी कडे यांपैकी काही तरी सैल अथवा तडकलेले असते. पुष्कळ मोटारींत हा पंप मागील आसनाखाली असतो. आसन उचलून झाकणाशी वास येतो का ते पाहिले म्हणजे निर्णय होतो. घाटात किंवा वळणावर वास वाढणे हेही याच दोषाचे लक्षण होय. आंबा घाटातून कोल्हापूरकडे किंवा कुंभार्ली घाटातून कराडकडे जाताना भरलेल्या टाकीतील पेट्रोल मागे-पुढे हेलकावते आणि एरवी कोरडी राहणारी फट ओली होते.

याच संदर्भात एका वाईट सवयीचा उल्लेख केला पाहिजे. पंपावर पेट्रोल भरणारी तोटी आपोआप बंद झाल्यावरही 'आणखी थोडे' म्हणून गळ्यापर्यंत पेट्रोल भरून घेतले जाते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील मोटारींत टाकीची वाफ हवेत न सोडता ती शोषून ठेवणारा कोळशाचा एक डबा बसविलेला असतो. इंजिन चालू असताना त्यातील वाफ इंजिनात ओढून जाळली जाते. हा डबा वाफेसाठी आहे, पेट्रोलसाठी नाही. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीतून त्यात पेट्रोल शिरले की कोळसा भिजतो, डबा निकामी होतो व मग वास कायमचा मागे लागतो. तोटी एकदा थांबली की भरणे थांबवावे.

इंजिन चालू असताना किंवा बंद केल्यावर लगेच वास येत असेल, परंतु रात्रभर उभ्या गाडीत येत नसेल, तर दोष दाबाखालील भागात असण्याचा संभव अधिक. इंजेक्टर असलेल्या गाडीत नळीतील पेट्रोलवर सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला तीन ते चार किलोग्रॅम दाब असतो. अशी नळी सुईच्या टोकाएवढी तडकली तरी पेट्रोलचा फवारा तापलेल्या इंजिनावर उडतो. ही स्थिती सर्वांत भयंकर होय. बॉनेट उघडताच पेट्रोलचा ओला डाग अथवा फवारा दिसल्यास इंजिन तात्काळ बंद करावे व ते पुन्हा सुरू करू नये. गाडी ओढून न्यावी.

हवा आत घेणारा पंखा लावल्यावरच वास येतो, असे असल्यास पुढच्या बॉनेटखाली शोधावे. मागील दार किंवा मागची काच उघडी असतानाच येतो, असे असल्यास गाडीमागे उठणारा हवेचा भोवरा सायलेन्सरचा धूर आत ओढत असतो. पेट्या जास्त झाल्या म्हणून मागचे दार दोरीने अर्धवट बांधून गाडी हाकण्याची प्रथा यासाठी बंद केली पाहिजे. धुराबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू वासावरून कळत नाही व माणसाला झोपेतच मारतो. पहाटे पहिल्यांदा इंजिन सुरू करताना सायलेन्सरमागे क्षणभर पेट्रोलचा वास येणे मात्र दोष समजू नये. थंड इंजिनास जास्त पेट्रोल दिले जाते. तो वास मिनिटा-दोन मिनिटांत जावा.

लाल मातीवरील खूण

दिवसाच्या उजेडात, इंजिन थंड झाल्यावर गाडीखाली पाहावे. विडी, काडी, कंदील यांना अर्थातच मज्जाव. जांभ्या दगडाची लाल धूळ या जिल्ह्यातील प्रत्येक गाडीच्या पोटाशी बसलेली असते आणि ती येथे उपयोगी पडते. जेथे पेट्रोल झिरपते तेथे धुळीत काळपट ओघळ उठतो किंवा उलट धूळ धुऊन जाऊन पत्रा स्वच्छ दिसतो. त्या ओघळाचा माग वरच्या दिशेने काढीत जावे. थेंब जेथे पडतो तेथे दोष नसतो. त्याच्या वर असतो.

रात्री गाडीखाली आंब्याच्या खोक्याचा कोरा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी पुठ्ठ्यावर वास नसलेला ओला डाग असल्यास ते वातानुकूलन यंत्राचे पाणी होय. काळा, चिकट, न वाळणारा डाग ऑइलचा. पेट्रोलचा डाग मात्र लवकर वाळतो व फिकट कडा व वास मागे ठेवतो, म्हणून पुठ्ठा उन्हे वर येण्यापूर्वीच पाहावा.

रत्नागिरीच्या हवेत गाडीला दोन शत्रू विशेष आहेत. पहिला शत्रू खारा वारा. किनाऱ्यालगतच्या गावांत हवेत मिठाचा अंश असतो, त्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. मागच्या चाकाच्या कमानीत चिखल साठून तो दिवाळीपर्यंत ओला राहतो व त्याच जागेवरून पेट्रोल भरण्याची नळी गेलेली असते. धातूची नळी असल्यास ती आतल्या अंगाने गंजते. वरून रंग शाबूत दिसतो, पण बोटाने दाबल्यावर पापुद्रा सुटतो. टाकीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखालीही असाच गंज चढतो. पाऊस संपताच गोड्या पाण्याच्या जोरदार धारेने गाडीचे पोट व चाकांच्या कमानी धुऊन काढाव्यात. हे काम वर्षातून एकदा केले तरी पुष्कळ लाभ होतो.

दुसरा शत्रू उंदीर. मांगरात भाताचा पेंढा, काजूबी, सुके आमसूल व पेट्या असतात. शेजारीच उबदार इंजिन. उंदरास याहून चांगली वस्ती कोठे मिळणार? तो रबरी व प्लॅस्टिकच्या नळ्या कुरतडतो. बॉनेटखाली लेंड्या, पेंढ्याच्या काड्या, काथ्या किंवा कुरतडलेले कापड दिसल्यास प्रत्येक नळीवरून, विशेषतः ती जेथे नजरेआड जाते तेथे, बोट फिरवून दातांच्या खुणा पाहाव्यात. हे करताना हातमोजे घालावेत. कोकणात लेप्टोस्पायरोसिस हा ताप उंदराच्या मूत्रावाटे पसरतो, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांस ठाऊक आहेच. नुसती नळी बदलून भागत नाही. गाडी पेंढ्याच्या मांगरातून बाहेर काढली नाही तर महिन्याभरात नवी नळीही कुरतडली जाते.

जुन्या गाड्यांविषयी

आंब्याच्या वाहतुकीत मारुती ओम्नी या गाडीने कोकणात मोठी कामगिरी बजावली. १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आलेली ही गाडी २०१९ मध्ये बनविणे बंद झाले, तरी गावोगाव ती अद्याप धावत आहे. तिचे इंजिन पुढच्या आसनाखाली असते. इतर मोटारींत बॉनेटखालीच विरून जाणारा किरकोळ वास या गाडीत सरळ चालकाच्या नाकाशी येतो. हा एका परीने फायदाच समजावा. आसनाखालील झाकणाचे रबर नीट बसले आहे की नाही हे मात्र आधी पाहावे.

कार्बुरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत एक निराळा दोष संभवतो. कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखण्यासाठी एक तरंगणारा गोळा व एक सुई असते. पेट्रोलबरोबर मातीचा कण किंवा गंजाचा तुकडा येऊन सुईखाली अडकला की पेट्रोल थांबत नाही, वाटी भरून वाहते व कार्बुरेटर बाहेरून ओला दिसतो. कॅनमधून न गाळता पेट्रोल ओतणाऱ्याच्या गाडीत हे वारंवार घडते. कडक उन्हात गाडी थांबविल्यावर इंजिनाच्या उष्णतेने वाटीतील पेट्रोल उकळून काही वेळ वास येतो, तो मात्र या गाड्यांचा स्वभावधर्म आहे.

पेट्रोलमध्ये ऊस, मका, तांदूळ इत्यादींपासून केलेले इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर आले. एप्रिल २०२३ पासून बनविलेल्या गाड्यांतील रबर व प्लॅस्टिक या मिश्रणास अनुरूप असते. त्यापूर्वीच्या, विशेषतः पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांतील मूळच्या नळ्या इथेनॉलने फुगण्याचा, मऊ पडण्याचा किंवा तडकण्याचा संभव असतो. नळी वाकवून पाहिली असता तिच्यावर बारीक चिरा दिसल्या किंवा ती बोटांना चिकट लागली, तर गळतीची वाट न पाहता ती बदलावी. नवी नळी घेताना इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठीच बनविलेली आहे, याची दुकानदाराकडून खात्री करून घ्यावी. पाण्याची किंवा फवारणी पंपाची नळी कापून बसविणे हा शुद्ध आत्मघात होय. इथेनॉल हवेतील दमटपणाही ओढून घेते, म्हणून पावसाळाभर उभी राहणारी गाडी अधूनमधून चालवावी.

बाहेर कोठेच ओल नाही व तरी वास येतो, अशा वेळी इंजिनातील ऑइल पाहण्याची पट्टी काढून पाहावी. ऑइलची पातळी न घालताच वाढलेली असेल, ते पातळ झालेले असेल व त्यास पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल इंजिनाच्या आत उतरत आहे. गळका इंजेक्टर, किंवा जुन्या गाडीत यांत्रिक पंपाचा फाटलेला पडदा, ही त्याची कारणे. पातळ ऑइलाने इंजिनाचे भाग झिजून मोठा खर्च येतो. अशी गाडी चालवू नये. इंजिन थरथरत असेल व सायलेन्सरमधून न जळालेल्या पेट्रोलचा वास येत असेल, तर एखादा स्पार्क प्लग काम करीत नाही असे समजावे. हे न जळालेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या भांड्यात जाऊन जळते व ते भांडे लालभडक तापते. एप्रिल-मे महिन्यांत सड्यावरील वाळल्या गवतावर अशी गाडी उभी केल्यास वणवा लागण्यास तेवढे पुरे होते.

गाडीवर सी. एन. जी. अथवा एल. पी. जी. बसविलेला असल्यास वासाचा प्रकार ओळखावा. या वायूंना मुद्दाम कुजकट, उग्र वास दिलेला असतो. तो पेट्रोलच्या गोडसर वासाहून वेगळा कळतो. असा वास आल्यास टाकीची हाताने फिरविण्याची चावी बंद करून गाडी अधिकृत दुरुस्ती केंद्राकडेच न्यावी.

दुरुस्ती कोणी व किती करावी?

झाकण किंवा त्याचे रबर बदलणे, सैल क्लिप आवळणे, कोळशाच्या डब्याची निसटलेली नळी जागेवर बसविणे, इतके काम शेतकऱ्याने स्वतः करण्यास हरकत नाही. बॅटरीची तार आधी सोडावी. दाबाखालील नळी, इंजेक्टर व टाकीतील पंप यांना हात लावू नये. इंजिन बंद झाल्यावरही नळीत दाब शिल्लक राहतो व नळी सोडताच पेट्रोल डोळ्यांत उडते.

टाकीस बारीक भोक पडल्यास साबणाची वडी चोळून ते बुजविण्याची जुन्या चालकांची युक्ती प्रसिद्ध आहे. वस्तीपासून दूर अडकले असता ती मिस्त्रीपर्यंत पोचण्यास उपयोगी पडते, त्यापलीकडे तिचा भरवसा धरू नये. परंतु टाकी काढून गावातील वेल्डरकडे नेणे हे मात्र कदापि करू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ व हवा यांचे नेमके पेटणारे मिश्रण तयार झालेले असते. पाण्याने विसळली म्हणून ती निर्धोक होत नाही. टाकी बदलावी.

वाटेत वास एकाएकी तीव्र झाला तर गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांस खाली उतरवून वाऱ्याच्या दिशेकडील बाजूस दूर उभे करावे. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतल्यास आग पाण्याबरोबर पसरते. कोरड्या रसायनाचे लहान अग्निशामक नळकांडे चालकाच्या हाताशी असावे. ते नसेल तर माती किंवा वाळू टाकावी. आग बॉनेटखाली असल्यास बॉनेट पूर्ण उघडू नये. माल वाचविण्यासाठी पेटत्या गाडीकडे कोणी परतू नये.

मिस्त्रीकडे गाडी देताना 'पेट्रोलचा वास येतो' एवढेच न सांगता टिपलेला कागद त्याच्या हाती द्यावा. वास कधीपासून, टाकी भरल्यावर की कायम, इंजिन चालू असता की बंद असता, पुढे की मागे, पुठ्ठ्यावर डाग होता की नव्हता, उंदराच्या खुणा होत्या काय, हे त्यात असले म्हणजे मिस्त्रीस अंदाजाने भाग बदलीत बसावे लागत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व बैठकीत फवारणी पंपांच्या तपासणीबरोबरच प्रत्येक बागायतदाराच्या गाडीखाली एक पुठ्ठा टाकून पाहण्याचा कार्यक्रम घेतल्यास तो अर्ध्या दिवसात उरकेल.

दुरुस्तीनंतर टाकी तोटी थांबेपर्यंत भरावी. गाडी एखाद्या चढाच्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी आणि मोकळ्या जागी काचा बंद करून, खाली कोरा पुठ्ठा पसरून रात्रभर उभी ठेवावी. सकाळी घरातील ज्या माणसाने गाडी चालविलेली नाही त्याने दार उघडून वास पाहावा. हाच प्रयोग तिसऱ्या दिवशी पुन्हा करावा. दोन्ही वेळा वास आला नाही व पुठ्ठा कोरा राहिला, म्हणजे गाडीत पेट्या भरावयास हरकत नाही.